एका दिवसाचा इतिहास : १२ मे १९३७ रोजीचे लंडन

प्रस्तावना :
राजे, लढाया, तह आणि कायदे यांच्या नोंदी अभिलेखागारांत सापडतात. परंतु सामान्य माणसाचा एखादा दिवस सहसा कोठेही नोंदविला जात नाही. या दृष्टीने १२ मे १९३७ रोजी लंडनमध्ये झालेला प्रयत्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत निबंधात त्या प्रयत्नाचे स्वरूप, मर्यादा आणि इतिहासलेखनातील मोल यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
डिसेंबर १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने राजत्याग केला. त्या वेळी वृत्तपत्रे व राजकीय नेते जनमताचा हवाला देत होते. मात्र जनतेला प्रत्यक्षात काय वाटते, हे जाणण्याचे विश्वसनीय साधन नव्हते. या जाणिवेतून १९३७ च्या प्रारंभी कवी व पत्रकार चार्ल्स मॅज, माहितीपटकार हम्फ्री जेनिंग्ज आणि मानवशास्त्राचे अभ्यासक टॉम हॅरिसन यांनी 'मास-ऑब्झर्व्हेशन' ही संस्था स्थापन केली. दूरदेशीच्या जमातींप्रमाणेच स्वतःच्या समाजाचाही अभ्यास व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या १२ तारखेला स्वयंसेवक निरीक्षकांनी आपला संपूर्ण दिवस लिहून पाठवावा, असे ठरले.

विवेचन :
१२ मे रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. त्यामुळे नेहमीच्या टिपणांना छापील प्रश्नावलीच्या उत्तरांची जोड देण्यात आली. लंडनच्या रस्त्यांवर फिरणारे निरीक्षक दूरध्वनीवरून केंद्राशी संपर्क ठेवून होते. हे साहित्य त्याच वर्षी मॅज व जेनिंग्ज यांच्या संपादनाखाली 'मे द ट्वेल्फ्थ' या ग्रंथात प्रसिद्ध झाले.

अधिकृत वृत्तान्तात वेस्टमिन्स्टर ॲबीतील विधी आणि मिरवणूक येते. या टिपणांत मात्र रस्त्यावरची गर्दी, पाऊस, रेडिओभोवती बसलेली माणसे, कानांवर पडलेली संभाषणे आणि समारंभाविषयीची उदासीनताही येते. लंडनचे बस कर्मचारी १ मेपासून संपावर होते. राजवैभवाच्या दिवशीही कामगारांचा प्रश्न शहरात उभा होता, हे त्यामुळे विसरता येत नाही.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. निरीक्षक स्वेच्छेने पुढे आलेले, लिहिते आणि बहुतांशी मध्यमवर्गीय होते. संपादकांनी उताऱ्यांची निवड व मांडणी चित्रपटाच्या जुळणीसारखी केली. शिवाय राज्याभिषेकाचा दिवस हा नित्याचा दिवस नव्हे. त्यामुळे या नोंदींवरून संपूर्ण शहराचे मत ठरविता येणार नाही. तथापि, व्यक्तीच्या अनुभवाची त्याच दिवसाची साक्ष म्हणून त्यांचे मूल्य कमी होत नाही.

निष्कर्ष :
१९७० च्या दशकापासून ससेक्स विद्यापीठाने हा संग्रह अभ्यासकांसाठी जतन केला. १९८१ मध्ये लोकांकडून लेखन मागविण्याचा उपक्रम पुन्हा सुरू झाला आणि २०१० पासून १२ मेच्या दैनंदिनीची प्रथाही पुनरुज्जीवित झाली. १९३६ मध्ये जनतेच्या नावाने अनेकजण बोलत होते. १९३७ च्या या टिपणांत जनतेपैकी काहीजण स्वतः बोलले. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक दृष्टीआड करू नये.