पालखीतळ ते विमानतळ

भंडाऱ्याहून कलकत्त्याच्या हमरस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे साकोलीच्या अलीकडे लाखनी लागते. येथे विमान उतरत नाही. तथापि विमानांच्या भाषेचा विचार करावयास ही जागा सोयीची आहे. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या चार नगरांतून टपालाची विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळच्या आत आपापल्या ठिकाणी परतत. त्यांपैकी कलकत्त्याच्या विमानाची वाट भंडारा जिल्ह्याच्या आकाशातूनच होती. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून जादा आकार न घेता पत्रे विमानाने नेण्याची योजना सुरू झाली, आणि लाखनीसारख्या गावच्या पत्रासही हा मार्ग मोकळा झाला.

डोक्यावरून जाणाऱ्या ह्या वस्तूस नाव देताना मराठीस फारशी शोधाशोध करावी लागली नाही. ‘विमान’ हा शब्द देवादिकांच्या वाहनासाठी पूर्वीच रूढ होता. अमरकोशात ‘व्योमयान’ हा त्याचा पर्याय दिला आहे. दक्षिणेत गाभाऱ्यावरील शिखरास विमान म्हणतात, तर जैन ग्रंथांत ‘वैमानिक’ हा देवांचाच एक वर्ग आहे. तुकोबांस न्यावयास वैकुंठाहून जे आले अशी भाविकांची श्रद्धा, तेही विमानच. तोच शब्द यंत्राला व त्याच्या चालकाला बिनतक्रार लागू झाला. जुना शब्द होता म्हणून जुने यंत्रही होते, असे मात्र कोणी समजू नये. ‘वैमानिकशास्त्र’ म्हणून मिरविल्या जाणाऱ्या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये परीक्षा केली, तेव्हा तो १९०४ पूर्वीचा नसल्याचे व त्यातील यंत्रे उडण्याजोगी नसल्याचे त्यांस आढळले.

परंतु मला अधिक मौज वाटते ती देवांच्या शब्दांची नव्हे, माणसांच्या व बैलांच्या शब्दांची. ‘तळ’ म्हणजे मुक्कामाची मोकळी जागा. फौजेचा तळ, गाडीतळ, पालखीतळ ह्यांच्या पंक्तीत विमानतळ सहज जाऊन बसला. हिंदीने त्याच जागेस ‘हवाई अड्डा’ म्हटले. १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा ज्या प्रांतात होता, तेथे हिंदी व मराठी शेजारणींसारख्या नांदत होत्या. त्यामुळे ह्या भागात दोन्ही शब्द कानांवर पडत, ह्यात नवल नाही. पण मराठी माणसाला अड्डा म्हटले की जुगार आठवतो, आणि ‘हवाई’ म्हटले की आतषबाजीतला बाण! ‘धावपट्टी’ ऐकून जुन्या कुणब्यास विहिरीवरची धाव आठवत असली पाहिजे. मोट ओढणारे बैल ज्या उतरणीवरून ये-जा करीत, तिला धाव म्हणत.

येथवर शब्द आपले. वैमानिक व नियंत्रण मनोरा ह्यांच्यातील संभाषण मात्र बहुतकरून इंग्रजीत चालते, आणि तेही मोजक्या, ठरीव शब्दांत. एका शब्दास चार अर्थ असणे हे साहित्याचे वैभव; आकाशात तेच प्राणघातक ठरते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथे दाट धुक्यात दोन प्रचंड बोइंग विमाने एकाच धावपट्टीवर आदळली व ५८३ माणसे मेली. ‘आम्ही आता उड्डाणावर आहोत’ अशा आशयाचे एक मोघम वाक्य डच वैमानिकाने उच्चारले होते. मनोऱ्याने त्याचा अर्थ ‘उड्डाणास सिद्ध आहोत’ असा घेतला. विमान तर धावत सुटले होते. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक पडला.

आपल्या देशातील अनुभव ह्याहून कमी दारुण नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेले सौदी विमान व दिल्लीस येणारे कझाक विमान एकमेकांवर आदळले. ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. सौदी विमानास १४,००० फुटांवर व कझाक विमानास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. कझाक विमान त्याखाली उतरले. त्यावरील माणसांचे इंग्रजी तोकडे होते, आणि त्यांच्या अंगवळणी मीटर पडलेले होते, फूट नव्हेत. पुढे ५ मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकास व मनोऱ्यावरील नियंत्रकास भाषेची ठरावीक पात्रता सक्तीची झाली.

म्हणूनच मनोऱ्यानेही मराठीत बोलावे, हा आग्रह मला पटत नाही. आपले आकडेच पाहा. खरखरणाऱ्या यंत्रातून ‘सदतीस’ आणि ‘सदुसष्ट’ ऐकून पाहावे, म्हणजे ‘एकोणऐंशी’चा विचारही करवणार नाही. तेथे इंग्रजी आकडेदेखील सुटे सुटे उच्चारतात, आणि ‘फाइव्ह’शी घोटाळा होऊ नये म्हणून ‘नाइन’चे ‘नायनर’ केले आहे. नागपूरच्या धावपट्टीचे एक टोक आग्नेयेकडे व दुसरे वायव्येकडे, म्हणजे खुद्द वायुदेवतेच्या दिशेकडे. मनोऱ्याला त्याचे काही नाही. १४० व ३२० अंशांना दहांनी भागून तो एका दिशेस ‘एक-चार’ व दुसरीस ‘तीन-दोन’ म्हणतो. रुक्ष खरे, परंतु ऐकणारा कोणत्याही देशाचा असो, चुकत नाही.

रात्रीच्या टपालाची ती व्यवस्था १९७३ मध्ये बंद पडली. लाखनीच्या ईशान्येस, गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेला तळ होता; तेथे पुढे वैमानिक तयार करणारी शिक्षणसंस्था निघाली. तेथे शिकणाऱ्या मराठी मुलाने दिवसभर ‘नायनर’ म्हणावे, आणि विमान कोठे टेकविले हे घरी सांगताना धावपट्टीवर म्हणावे, ह्यात मला तरी काही विसंगत दिसत नाही.