काठी, हंडा आणि मापारी

धान्य मापताना पायलीवर शीग चढते आणि ती ठेवावी की पुसावी, यावरून घेणाऱ्या-देणाऱ्यांत वाद होतो. द्रवाला शीग नसते. म्हणून त्याचे माप निर्वेध असावे, असे वाटते. वस्तुतः वादाचे स्थान तेवढे बदलते. ते भांड्याच्या काठावरून तळाशी जाते. इंग्लंडातील बिअरच्या हंड्याचा इतिहास याचा बोलका दाखला आहे.

यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४३ मध्ये बिअरवर अबकारी कर बसविला. कर पिंपामागे असल्याने तांब्याच्या हंड्यात जवाचा काढा किती आहे, हे ठरविण्यास सरकारी मापारी येऊ लागला. उकळता काढा ओतून मोजणे अशक्यच होते. मापारी काठी बुडवी, ओल्या भागाची उंची पाही आणि आधी केलेल्या कोष्टकावरून गॅलन काढी.

हे कोष्टक करणे हेच खरे कौशल्य. हंड्याच्या बाजू सरळ नसत आणि तळ पुष्कळदा मध्यभागी वर उचललेला असे. तेव्हा तो तळ झाकेपर्यंत मोजलेले पाणी ओतीत व तेथून पुढे थराथराने बेरीज करीत. योहान केप्लरने लिंझ येथे मद्याची पिंपे एकाच काठीने मोजलेली पाहिली; त्या रीतीविषयी शंका येऊन त्याने १६१५ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातही वस्तूचे सूक्ष्म थर कल्पिण्याचीच युक्ती आहे. मापाऱ्यांच्या आकडेमोडीसाठी टॉमस एव्हरार्ड या अबकारी अधिकाऱ्याने १६८३ मध्ये खास सरकपट्टी केली.

त्यात गॅलनही एक नव्हता. बिअरचा २८२ घनइंचांचा, तर वाइनचा २३१ घनइंचांचा. १८२४ च्या कायद्याने हा भेद मिटविला. उष्णतेचा प्रश्न मात्र कायद्याने मिटणारा नव्हता. वीस अंशांवरील पाणी उकळीपर्यंत सुमारे चार टक्के फुगते. ही वाढ वजा केली नाही, तर निवताना जी नाहीशी होणार तिच्यावरही कर पडे.

बिअरवरील कर १८३० मध्ये उठला. १८८० मध्ये तो काढ्याचे परिमाण व घनता यांवर पुन्हा आला आणि १९९३ पासून तयार बिअरमधील मद्यार्कावर गेला. घरी स्वतःपुरती बिअर करण्यास लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून घरच्या हंड्याशी मापारी उरला नाही. मापाची गरज मात्र उरली. ३६ सेंटिमीटर व्यासाच्या सरळ भांड्यात एक सेंटिमीटर उंची म्हणजे सुमारे एक लिटर. म्हणजे खूण वाचण्यात बोटभर चूक झाली, की दीड-दोन लिटरांचा फरक पडतो. म्हणूनच जाणता मनुष्य भांड्यात लिटरलिटर पाणी ओतून आपल्या काठीवर स्वतः खुणा करतो. तीच काठी दुसऱ्या भांड्यात खोटी ठरते, कारण माप काठीत नसून भांड्याच्या आकाराच्या ज्ञानात असते. इंग्लंडातील मापाऱ्यांचा सारा खटाटोप या एका गोष्टीसाठी होता.