धर्मशुद्धीची सत्ता आणि हद्दीपलीकडचा आश्रय

इंग्लंडमधील चर्चची शुद्धी अपुरी राहिली, असे मानणाऱ्या प्युरिटनांनी इ.स. १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्स बे येथे वसाहत उभारली. मायदेशी जाच सोसलेल्या या मंडळींनी वसाहतीत मात्र मतभेदाला थारा दिला नाही. मताधिकार चर्चच्या सभासदांपुरता ठेवला गेला. रॉजर विल्यम्स यांना १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. क्वेकर पंथाच्या मेरी डायर यांना १६६० मध्ये फाशी देण्यात आली. विल्यम्स यांनी १६३६ मध्ये शेजारी प्रॉव्हिडन्स वसवले. भिन्न मतांच्या लोकांना तेथे आसरा मिळाला.

गोव्यात पंथ निराळा, तरी अनुभव असाच होता. सोळाव्या शतकात कॅथलिक पोर्तुगीज सत्तेने बेटांवरील देवळे पाडली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन केले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे लिंग भाविकांनी नदीपलीकडे, डिचोली महालातील नार्वे येथे नेले. तो मुलूख आदिलशाहीचा होता. मुस्लिम सुलतानाच्या हद्दीत हिंदू दैवत सुरक्षित राहिले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला.

पुढे पोर्तुगिजांनी १७८१ मध्ये डिचोली घेतली व १७८८ च्या तहाने पेडणे मिळवले. या नव्या काबिजादींत मात्र त्यांनी जुना कित्ता गिरवला नाही; देवस्थाने व धर्माचरण यांना अभय दिले. नवा मुलूख टिकविण्यासाठी स्थानिक प्रजेची साथ आवश्यक होती. इन्क्विझिशनही १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.

दोन्ही ठिकाणी सहिष्णुता प्रथम सत्तेच्या हद्दीबाहेर रुजली. प्युरिटनांचा पाठ शिकविताना दिवाडी-नार्वे यांचा नकाशा फळ्यावर काढल्यास हे विद्यार्थ्यांना सहज उमगेल.