चौतिसावीच्या शेजारची आयत

इस्लाममध्ये बाईचे स्थान काय, हा वाद निघाला की कुराणातल्या ‘अन्-निसा’ सूरहची 34वी आयत हमखास पुढे येते. पुरुष हा बायकांचा ‘कव्वाम’ आहे, असे ती सांगते. कव्वाम म्हणजे धनी की पोशिंदा, यावर घासाघीस चालूच आहे. कुराणाच्या अभ्यासक अमिना वदूद यांनी 1992च्या आपल्या पुस्तकात तिचा अर्थ नव्याने लावला. या गदारोळात लगतची 35वी मागे पडते. नवरा-बायकोचे बिनसले तर त्याच्याकडचा एक आणि तिच्याकडचा एक पंच नेमा, एवढेच तिचे म्हणणे. माझ्या मते संसारात पडलेल्या बाईला खरा आधार या साध्या आयतीनेच दिला.

पण या आयतीला हायकोर्टाची पायरी चढायला फार उशीर लागला. इंग्रजी अमदानीत न्यायाधीशांची भिस्त ‘हिदाया’वर असे. हा बाराव्या शतकातला हनफी ग्रंथ अरबीतून फारसीत आला आणि फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने 1791 मध्ये इंग्रजीत नेला. 1897 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बजावले की, जुन्या भाष्यकारांना डावलून न्यायाधीशांनी कुराणाचा आपला अर्थ लावू नये. 1905 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्या. बॅचलर यांनी एका दमातला तिहेरी तलाक धर्माच्या दृष्टीने वाईट, पण कायद्याने चोख ठरवला. वाक्य आटोपशीर होते. पुढे ते शंभर वर्षे पुरले!

पहिला धक्का दिला गुवाहाटीच्या न्या. बहारुल इस्लाम यांनी, 1978 मध्ये. त्यांनी थेट कुराण उघडले आणि सांगितले की तलाकला सबळ कारण हवे, शिवाय आधी दोन पंचांकडून समेटाचा प्रयत्न हवा. 1985 मध्ये इंदूरच्या शाहबानोंच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी पोटगीची आयत वेगवेगळ्या इंग्रजी भाषांतरांतून शेजारी शेजारी मांडून तपासली. त्यावर उठलेले वादळ सर्वांना ठाऊक आहे.

मे 2002 मध्ये मात्र फारसा गाजावाजा न होता मोठे काम झाले. लातूरच्या एका पोटगीच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने ठरवले की, ‘मी तलाक दिला आहे’ असे कैफियतीत लिहून भागणार नाही; कारण, पंच, समेटाचा प्रयत्न, सगळे पुराव्याने शाबीत करावे लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानेही हीच वाट धरली. 22 ऑगस्ट 2017 रोजी तिहेरी तलाक रद्द झाला, तेव्हा न्या. कुरियन जोसेफ यांनी बॅचलरांचे वाक्य उलटे केले: कुराणाला जे वाईट, ते शरियतमध्ये चांगले असूच शकत नाही.

आपला गोंदिया जिल्हा नागपूर खंडपीठाखाली येतो, पण हायकोर्ट तेच. तेव्हा औरंगाबादचा पूर्णपीठाचा निकाल इथल्या कोर्टालाही लागू आहे. पोटगीच्या कामात समोरून तलाकचा कागद आला, तर वकिलाला आधी एवढेच विचारायला सांगा: पंच कोण होते आणि ते कधी बसले?