मणी, दोरा आणि पटवेकरी

भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला आपल्यापैकी अनेकांच्या घरी अनंताचे व्रत असते. गोव्यातील वाचकांना ह्या संदर्भात सावईवेऱ्याच्या श्रीअनंताचे देवस्थान आठवल्यावाचून राहणार नाही. त्या दिवशी चौदा गाठींचा दोरा पूजेस लावावयाचा आणि मग तो पुरुषांनी उजव्या, स्त्रियांनी डाव्या हातात धारण करावयाचा. ह्या दोऱ्यात ना सोने ना मोती. त्याचे सारे मोल त्या चौदा गाठींत. जानव्याचेही तेच. चार बोटांवर शहाण्णव वेढे घेऊन काढलेले सूत कितीही उत्तम असो, ब्रह्मगाठ पडल्यावाचून त्याचे यज्ञोपवीत होत नाही.

हे सांगण्याचे निमित्त अगदी घरगुती आहे. आमच्या वहिनी गेल्या दोन-तीन वर्षांपासून दुपारच्या निवांत वेळी एका जाड पुठ्ठ्याच्या फळीवर टाचण्या टोचून, केसाहून थोडा जाड असा नायलॉनचा दोरा आणि राळ्याच्या दाण्याएवढे काचेचे मणी घेऊन बसतात. सुई लागत नाही, सुया-हूक काही नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी गाठीमागून गाठ घालीत त्या कधी कानांतील डूल तर कधी मनगटी तयार करतात. ह्या कामास 'मायक्रो मॅक्रमे' असे म्हणतात. एकदा आमच्या घरी आलेल्या एका वृद्ध स्नेह्यांनी ते पाहून विचारले, "हे विलायती खूळ आपल्या घरांत शिरले तरी कधी?" त्यांस त्या वेळी आम्ही काही उत्तर दिले नाही. पुढे जो थोडा शोध घेतला, तो येथे मांडीत आहोत.

प्रथम शब्दांकडे पाहू. फुलांचा हार आपण ओवतो किंवा गुंफतो. दागिना मात्र 'गाठवतो'. मंगळसूत्र गाठवून आणले, ठुशी पुन्हा गाठवावयास दिली, असेच जुनी माणसे बोलत. ओवणे म्हणजे छिद्रातून दोरा नेणे. त्यात मणी दोऱ्यावर मोकळा असतो आणि दोरा एके ठिकाणी तुटला की सारेच ओघळते. गाठवणे म्हणजे त्या मण्याला त्याच्या जागी गाठीने धरून ठेवणे. म्हार्दोळच्या किंवा मंगेशीच्या देवळासमोर अबोलीच्या फांती घेऊन बसणाऱ्या बाया ज्यांनी लक्षपूर्वक पाहिल्या असतील, त्यांच्या ध्यानात हा भेद चटकन येईल. त्या फुलाला सुईने भोसकीत नाहीत. केळीच्या सोपटाच्या दोराने देठ वेढून आवळतात, आणि फूल न दुखावता जागच्या जागी बसते. आमच्या मते हे गाठवणेच होय. मण्याच्या जागी फूल आहे इतकेच.

मण्यातील दोरा सहसा काळाच्या ओघात टिकत नाही. मणी सापडतात, दोरा सापडत नाही. म्हणून नेवाशाची गोष्ट आम्हांस मोठी मोलाची वाटते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या ह्या गावी डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन थरांत, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्यावर चढलेल्या हिरवट पुटामुळे त्या मण्यांतील दोऱ्याचे धागे कुजावयाचे राहिले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात त्या धाग्यात रेशीम व कापूस दोन्ही असल्याचे नमूद झाले. लेकराला मूठमाती देतानाही आईबापांनी गळ्यातील माळ काढून घेतली नाही. तांबे त्या काळी काही स्वस्त नसावे.

त्याहून जुना पुरावा सिंधमधील चन्हुदडोचा आहे. हे स्थळ १९३५-३६ मध्ये मॅके यांनी खणले होते. मण्यांचे कारखाने असलेले गाव म्हणूनच त्याची ख्याती. तेथे मिळालेल्या शंखजिऱ्याच्या अतिसूक्ष्म मण्यांच्या आत अडकून राहिलेले तंतू पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि ते रेशमाचे असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणी तरी मोहरीसारखे मणी रेशमावर चढवीत बसले होते. वहिनींना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "सुईवाचून चढवले कसे हो?" प्रश्न मार्मिक आहे. त्या स्वतः दोऱ्याच्या टोकाला मेण किंवा डिंक लावून ते ताठ करून घेतात. चन्हुदडोतही असेच काही करीत असतील असा आमचा आपला तर्क.

नेवासे हे नाव आपल्या कानी पडते ते मात्र दुसऱ्याच कारणाने. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरमहाराजांनी तेथे गीतेवरील टीका सांगितली. सातव्या अध्यायात भगवंतांनी सर्व जग आपल्या ठायी कसे गुंतले आहे हे सांगताना दोऱ्यात ओवलेल्या मण्यांचा दृष्टान्त दिला आहे. ज्ञानेश्वरमहाराजांनी तेथे मणीही सोन्याचा आणि सूतही सोन्याचेच केले. अलीकडच्या काळात स्वामी रामसुखदास यांनी आपल्या 'साधक-संजीवनी'त हाच दृष्टान्त सुताच्या दोऱ्यातील सुताच्याच मण्यांवर नेला. सुताचा मणी म्हणजे गाठच. अद्वैताची ही चर्चा आमच्या अधिकाराबाहेरची आहे. पण मणी वेगळा आणि दोरा वेगळा असे न मानता, दोऱ्यानेच मणी व्हावे ही कल्पना ज्याने कधी गाठ घातली त्यालाच सुचेल, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. खुद्द नेवाशाच्या मातीत त्या दृष्टान्ताच्या तळाशी एका मुलाची माळ निजलेली होती, हे महाराजांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता ज्यांचा हा खरा व्यवसाय, त्यांच्याकडे वळू. आपल्याकडे त्यांस पटवेकरी म्हणत, कोठे पटवेगार, आणि ग्वाल्हेर-इंदुराकडे पटवा. 'पट' म्हणजे रेशीम. सोनार दागिना घडवी आणि पटवेकरी तो गाठवी. दोघांचे काम वेगळे, दोघांची मजुरीही वेगळी. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे आणि आत लाख भरलेले. त्यांच्या छिद्राची कड धारेची. साधा दोरा तेथे चार महिने टिकणार नाही. पटवेकरी रेशमाचे अनेक पदर घेऊन ते एकत्र पिळी. दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून तो ताणावयाचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून वेढे घालावयाचे, अशी त्याची बैठक असे. ठुशी, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, चिंचपेटी, कोल्हापुरी साज ही सारी त्याच्या हाताखालून गेल्यावाचून गळ्यात येत नसत. ह्याखेरीज मुलांचे करगोटे, वेण्यांची आगवळे, पोवती, राख्या आणि पालखी-मखरांचे गोंडे ही त्याचीच कामे.

ह्यात काटकसरही होती आणि शहाणपणही. मानेमागील भाग कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तेथे सोने घालण्याऐवजी रेशमाचा गोफ आणि कलाबतूचा गोंडा आला की सोने वाचते आणि मानेला काचतही नाही. शिवाय त्या गोफावर सरकती गाठ असे. ती वरखाली केली की तीच ठुशी सासूच्या गळ्याला घट्ट बसे आणि सुनेच्या गळ्याला सैल. फासा, आकडा, मळसूत्र ह्यांपैकी कशाचीही गरज नाही. पिढ्यान् पिढ्या एकच दागिना अनेक गळ्यांत गेला तो ह्या गाठीच्या बळावर. आपण मात्र घडवणाऱ्या सोनाराचे नाव सांगतो. गाठवणाऱ्याचे नाव आमच्या घरात तरी कोणास ठाऊक नाही.

पुढे सोन्याच्या साखळ्या आल्या, साखळीतील मंगळसूत्र आले, यंत्रावरचा तयार गोफ आला, आणि पटवेकऱ्यांची दुकाने एकेक करून मिटली. काही ठिकाणी ते अजून आहेत. पण पूर्वी ज्या पेठेत चार होते तेथे एखादाच.

तो 'मॅक्रमे' शब्द मात्र आपला नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जगातील प्रत्येक विद्या आपल्याच पूर्वजांच्या नावे चढवण्याची एक खोड आपल्यांत आहे; ती आम्हांस मान्य नाही. हा शब्द मूळ अरबी. त्याचा संबंध नक्षीदार झालरीशी किंवा झालरीच्या वस्त्राशी लावतात. तुर्की भाषेतून तो इटलीच्या जिनोआ किनाऱ्यावर गेला. तेथील कियावरी गावच्या, गाठींची झालर असलेल्या पंचांची मोठी प्रसिद्धी होती. विणलेल्या कापडाचे जे मोकळे दोरे शेवटी उरतात त्यांना गाठी घालून शोभा आणणे, हे त्याचे मूळ. आपल्या उपरण्याच्या दशांना पीळ घालतात तेही ह्याच कुळातील म्हणावयास हवे. १८८२ साली लंडनमध्ये 'सिल्व्हियाज बुक ऑफ मॅक्रमे लेस' हे पुस्तक निघाले आणि इंग्रज गृहिणींत त्याची लाट आली. विसाव्या शतकात तोरिनो शहरी व्हॅलेंटिना कावान्दोली ह्या बाईंनी मुलांच्या एका आश्रयगृहात दोन रंगांच्या दाट गाठींची पद्धत शिकवली. १९७० नंतरच्या दशकात हे काम पुन्हा जगभर फोफावले. त्या लाटेचे झुले, कुंड्यांची शिंकाळी आणि पिशव्या आपल्याही रुखवतांत मांडल्या गेल्या, हे अनेक वाचक भगिनींना आठवत असेल. त्याच कामाचे अर्ध्या मिलिमीटरच्या दोऱ्यावर, मण्यांसह आणि दागिन्यासाठी केलेले रूप म्हणजे हे सूक्ष्म काम. जोन बॅबकॉक ह्या अमेरिकन बाईंच्या २००५ सालच्या पुस्तकाने ते पुष्कळ घरांत पोहोचले.

गाठी मोजक्याच. मधल्या दोन दोऱ्यांभोवती बाजूचे दोन दोरे एकदा उजवीकडून व एकदा डावीकडून फिरवले की चौकोनी गाठ होते. एक दोरा आडवा ताणून धरला आणि बाकीच्यांनी त्याला दोन-दोन वेढे दिले की गाठींची एक रेघ उमटते. तो आडवा दोरा वळवाल तशी ती रेघ वळते, आणि पान, पाकळी, कोयरी हे सारे त्यातूनच निघते. मणी दोऱ्यात घालून पुढची गाठ आवळली की तो हलत नाही. काम संपल्यावर उरलेली टोके उदबत्तीच्या निखाऱ्याने हलकेच वितळवून बंद करतात. रेशमाला हे करता येत नाही. वहिनींचे मणी बहुधा जपानी असतात, कधी बोहेमियातील याब्लोनेत्सचे. पण नळी ओढून तिचे बारीक काचमणी कापण्याची विद्या आपल्या पूर्व किनाऱ्यावर पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटीस आली होती आणि तेथील मणी सागरापार जात. तिरुपतीजवळच्या पापानायडूपेट येथे ती विद्या आपल्या काळापर्यंत टिकून राहिली. तेव्हा मण्याच्या बाबतीत आपण अगदीच ऋणको नाही.

पटवेकऱ्याचे काम आणि हे नवे काम एकच आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. पटवेकरी पिळतो, गुंडाळतो आणि गाठ वेढ्यांच्या आत लपवतो. नव्या कामात गाठ हीच नक्षी, ती उघडी दिसावी लागते. परंतु बोटांना लागणारी सवय, दोऱ्याचा ताण ओळखण्याची ती खूण, दोहोंस समान आहे. हे आम्ही एका हानीनंतर शिकलो.

आमच्या आजींची ठुशी गेल्या वर्षी दोरा विरल्यामुळे एका दुकानी दिली. परत आली तेव्हा सोने वजनात बरोबर होते, मणी मोजून बरोबर होते. मागे मात्र पिवळा तयार गोफ आणि पितळेचा आकडा. जुना गोंडा व त्यावरची सरकती गाठ कोठे आहे असे विचारता तेथील गृहस्थ म्हणाले, "तो दोरा कुजलेला होता, काढून टाकला." त्यांचे काही चुकले असे त्यांस वाटले नाही, आणि पावतीवर गोंड्याचा उल्लेख नसल्याने आम्हांस भांडताही येईना. ठुशी आता वहिनींच्या गळ्याला सैल होते आणि धाकट्या सुनेला घट्ट.

वहिनींनी ती सोडवून पुन्हा गाठवण्याचे मनावर घेतले. रेशीम आणले, गोफ विणला, मणी ओळीने बसवले. मॅक्रमेने तयार झालेली बोटे येथवर न अडखळता गेली. अडले ते सरकत्या गाठीपाशी. त्यांनी घातलेली गाठ सरकते, पण दागिन्याच्या भाराने आपोआपही सरकते. पटवेकऱ्याची गाठ हाताने ओढल्यावाचून हलत नसे. तीन वेळा त्यांनी ती घातली आणि तीन वेळा सोडवली. आत वेढे किती आणि कोणत्या दिशेने, हे बाहेरून कळण्याची सोय नाही, कारण ते लपवणे हेच तर त्या कसबाचे वैशिष्ट्य.

घरात जुन्या हाताचा एकच गोंडा उरला आहे, बोरमाळेचा. त्यावर तीच गाठ आहे आणि अजून ती उत्तम धरते. तो सोडवला तर आतले कळेल. सोडवल्यावर तसाच पुन्हा बांधता येईलच असे वहिनी सांगत नाहीत. कात्री त्यांनी दोनदा हाती घेतली आणि दोनदा ठेवून दिली. आता त्या शहापूरच्या पेठेत एखादा म्हातारा पटवेकरी अजून बसतो का, ह्याची चौकशी करीत आहेत. बोरमाळ तोवर कपाटातच आहे.