ट्रस्टच्या चाळीपासून टॉवरपर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मुंबईतील दोन पत्ते आपल्याला ठाऊक असतात. पहिला परळच्या पोयबावडीजवळील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतला, जिथे ते अनेक वर्षे कुटुंबासह लहान खोल्यांत राहिले. दुसरा दादरच्या हिंदू कॉलनीतले 'राजगृह'. ही वास्तू त्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत स्वतःच्या ग्रंथसंग्रहाचा विचार करून बांधून घेतली. दोन्ही जागांमधले अंतर पायी अर्ध्या तासाचे. एकीकडे सामाईक नळ व सामाईक संडास, दुसरीकडे झाडांच्या सावलीतला रुंद रस्ता. पण वाचकहो, एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ही चाळ आणि ही कॉलनी, दोन्ही एकाच संस्थेच्या आराखड्यातून निघाल्या आहेत. ती संस्था म्हणजे 'सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'.

मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात आणि फोनवर हल्ली 'आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली' हे वाक्य असतेच. ऐकणाऱ्याला वाटते की हे बिल्डर मंडळींचे अलीकडचे खूळ आहे. वास्तविक मुंबईत जुनी वस्ती पाडून नवी बांधण्याचा उद्योग सव्वाशे वर्षांचा आहे. त्याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे.

सुरुवात प्लेगपासून झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि शहर हादरले. लोक मिळेल त्या गाडीने आणि बोटीने गावी पळाले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. गिरण्यांना कामगार मिळेनात, बंदरातला माल हलेना. सरकारला जाग आली ती अशी, व्यापाराच्या खिशाला हात लागल्यावर. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत, १८९८ साली कायदा होऊन ट्रस्टची स्थापना झाली.

रोगाचे मूळ अंधाऱ्या, कोंदट घरांत आणि घाणीत आहे, अशी तेव्हाच्या बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून ट्रस्टने दाट वस्तीतून पूर्व-पश्चिम रुंद रस्ते काढायचे ठरवले, म्हणजे समुद्रावरचा वारा आतपर्यंत खेळेल. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड (आजचे शामलदास गांधी मार्ग व सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे त्या वाऱ्यासाठी काढलेले रस्ते. गंमत अशी की हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्येच मांडले होते. पुढे परळच्या प्रयोगशाळेतील कामाने ते पक्के झाले. तोवर रस्ते निघाले होते आणि त्यांच्या वाटेत आलेल्या चाळी जमीनदोस्त झाल्या होत्या.

त्या चाळींतली माणसे गेली कुठे? ट्रस्टच्या योजनेत जमीनमालकाला नुकसानभरपाई होती. भाडेकरूला मात्र 'खोली रिकामी करा' एवढाच निरोप. ट्रस्टने चाळी बांधल्या, नाही असे नाही. पण पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून पुष्कळ जास्त होता. शिवाय नवी चाळ बहुधा कामाच्या ठिकाणापासून लांब असे. गोदीतला हमाल किंवा बाजारातला गडी रोज तेवढे चालणार कसा? तो शेजारच्याच गल्लीत आणखी एका बिऱ्हाडात शिरला. एका गल्लीतली दाटी मोडून दुसऱ्या गल्लीत वाढवणे, असा हा 'सुधार' झाला. त्या काळच्या टीकाकारांनी हे तोंडावर सांगितले होते.

याच ट्रस्टने शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत मात्र मोकळ्या जमिनीवर सुरेख आखणी केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्याचीच फळे. कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर अशा पांढरपेशा वर्गाला तिथे हवेशीर ब्लॉक मिळाले. आपल्या मंडळातल्या ज्यांचे आजोळ दादर-माटुंग्याचे आहे, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. ट्रस्टचा शहरसुधार ज्यांच्या वाट्याला चांगला आला, ते आपण. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

दुसरा अध्याय गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचा. १९२० साली त्यांनी 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' काढले. बीडीडी चाळींतली 'बीडीडी' हीच. बॅकबेच्या भरणीवरून या खात्याची पुढे जी अब्रू गेली आणि वीर नरिमन यांनी ती कशी चव्हाट्यावर आणली, ती कथा वेगळी. आपल्या विषयापुरते एवढेच की कामगारांसाठी ५० हजार गाळे बांधण्याचा संकल्प होता आणि मुंबईत येणाऱ्या कापसावर गासडीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. काँक्रीटच्या या चाळी इतक्या रुक्ष होत्या आणि त्यांचे भाडे असे होते, की वरळीतल्या अनेक इमारती बरीच वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने त्यांतल्या काहींचा चक्क तुरुंग केला. कामगारांना जागा नको आणि सत्याग्रहींना कोठडी अपुरी, असा तो योग!

पुढे मात्र या खोल्या भरल्या, आणि अशा भरल्या की बांधणाऱ्याने कल्पना केली नसेल. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एका गावाची एक खोली असे. पाळीप्रमाणे माणसे तिथे झोपत. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठून जाई. पेट्या भिंतीला, वळकट्या कोपऱ्यात. जेवण खानावळीत, आणि खानावळ म्हणजे तरी काय, त्याच चाळीतली एखादी बाई स्वतःच्या खोलीत दहा-पंधरा जणांचे डबे रांधी. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले, ते या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. गिरणीचा पगार या खोलीतून खानावळीत, खानावळीतून वाण्याकडे आणि मनिऑर्डरीने गावाकडे जात असे. भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव हे सारे व्हरांड्यात, पटांगणात आणि नाक्यावर उभे राहिले. लालबागच्या राजाची १९३४ मधली स्थापनासुद्धा बाजाराला कायमची जागा मिळावी या नवसातून झाली, असे तिथले लोक सांगतात.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सातासमुद्रापलीकडे बसून चाळीविषयी गहिवरणे सोपे आहे. संडासापुढची सकाळची रांग, पहाटे चारला येणारे पाणी, एका खोलीत सासू-सासरे आणि नवे जोडपे, हे ज्यांनी भोगले ते गहिवरत नाहीत. शिवाय चाळ म्हणजे सगळा एकोपाही नव्हता. जातीप्रमाणे चाळी आणि मजले वेगळे असत. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर वरळीच्या बीडीडी चाळींत जी दंगल उसळली, ती याच व्हरांड्यांतून.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ ला, भाडेनियंत्रण कायदा आला आणि जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. त्या वेळी हे योग्यच होते. युद्धानंतर आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांचा पूर आला होता. परंतु तो तात्पुरता कायदा अर्धशतक टिकला. चाळीस रुपये भाड्यात मालक गिलावा तरी कशाला करील? तेव्हा कायद्याने निषिद्ध असलेली पागडी हाच खरा व्यवहार झाला. १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने तर तिला मान्यताच दिली. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, म्हणून १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती सुमारे १९,६०० भरल्या. मंडळाच्या मानाने काम अफाट होते. संक्रमण शिबिरात 'दोन वर्षांसाठी' गेलेली कुटुंबे तिथेच म्हातारी झाली.

तिसरा अध्याय १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीचा. आज आपण ज्याला रिडेव्हलपमेंट म्हणतो, त्याची किल्ली इथे आहे. मूळ मुंबई बेटावर एफएसआय १.३३, म्हणजे हजार फुटांच्या भूखंडावर तेराशे तीस फूट बांधकाम. जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून भाडेकरूंना फुकट घरे दिली, तर त्याहून जास्त एफएसआयचे बक्षीस. १९९९ मध्ये हे आणखी सैल झाले. भाडेकरूला किमान २२५, पुढे ३०० चौरस फूट मिळणार, आणि उरलेले बिल्डरने बाजारभावाने विकायचे.

बघा, पैसा येण्याची वाट बदलली की गाव कसे बदलते! ट्रस्टच्या काळी पैसा सरकार आणि पालिकेचा होता, बीडीडीच्या काळी कापसावरच्या कराचा. १९९१ नंतर तो त्याच जागेवर घर विकत घेणाऱ्या तिऱ्हाइताच्या खिशातून येऊ लागला. म्हणजे जुन्या रहिवाशाला घर मिळायचे, तर शेजारी श्रीमंत माणूस यायलाच हवा, आणि जितका श्रीमंत तितके चांगले. जिथे जागेला भाव नाही तिथे पुनर्विकास होत नाही, मग इमारत कितीही मोडकळीला आलेली असो. वस्तीचे रूप पालटणे हा या योजनेचा दुष्परिणाम म्हणता येणार नाही. तिचे इंधनच ते आहे.

गिरण्यांच्या जमिनीवर हे उघडे पडले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर कधी मिटलाच नाही. १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी ठरली होती. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करा, असेही सुचवले. २००१ च्या दुरुस्तीने मात्र वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती आली. गिरणीत मोकळी जागा ती किती असणार? प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम झाली. सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न असा निकालात निघाला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, संपानंतर तीस वर्षांनी.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी हा प्रकार फक्त तिकडचा समजू नये. बॉस्टनचा वेस्ट एंड हा इटालियन, ज्यू अशा स्थलांतरितांचा दाट मोहल्ला १९५८ पासून 'स्लम' ठरवून पाडला गेला आणि तिथे महागडे टॉवर उठले. हर्बर्ट गान्स हा समाजशास्त्रज्ञ पाडापाडीच्या आधी तिथे राहिला होता. त्याने लिहून ठेवले की ही घरे गरिबांची होती, पण वस्ती मोडकी नव्हती. मार्क फ्रीड याने पुढे विस्थापितांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या बायकांच्या बोलण्यात जिवलग गेल्यासारखे दुःख आढळले. त्यांतल्या अनेकींना आधीपेक्षा चांगले घर मिळाले होते.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट, स्वतःचे संडास-न्हाणीघर, चाळीस मजली इमारत, पूर्वीच्याच ठिकाणी आणि फुकट. हा प्रकल्प म्हाडाने स्वतः हाती घेतला, हे विशेष. शंभर वर्षांत कामगारांच्या वाट्याला असे काही आले नव्हते, आणि त्याला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण लिफ्ट, पंप, सफाई यांचा दरमहाचा खर्च निवृत्तिवेतन नसलेल्या घराला पेलतो की नाही, यावर ते कुटुंब तिथे टिकणार की घर विकून कल्याण-विरार गाठणार, हे ठरत असते. आणि किल्ल्या मिळाल्या त्या यादीत नाव असलेल्यांना. गावच्या खोलीत पाळीने झोपणारा, पोटभाडेकरू, जिन्याखालचा इस्त्रीवाला यांची यादी प्लेगच्या साली नव्हती आणि नंतरही कोणी केली नाही.

आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे नाव गिरगाव, दादर, लालबागच्या एखाद्या खोलीवर वडिलांच्या मागे वारस म्हणून लागले आहे. पूर्वी उपकरप्राप्त इमारतीसाठी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागे. आता ५१ टक्के पुरते. त्यामुळे न्यू जर्सीतून किंवा ह्यूस्टनहून कुरियरने पाठवलेली एक सही तिकडे पारडे फिरवू शकते. ज्यांनी ती जागा पंचवीस वर्षे कुलूप लावून ठेवली आहे, त्यांना वाढीव फूट आणि भाव हे दोनच आकडे दिसतात. कागद आला तर सही करण्यापूर्वी शेजारच्या खोलीत फोन लावा. विचारा की संक्रमण काळाचे भाडे किती आणि कुणाच्या हमीवर, महिन्याचा देखभालखर्च किती येईल, आणि तळमजल्यावर डबे करणाऱ्या मावशींची जागा नकाशात कुठे दाखवली आहे.