जॉर्जिया राज्याचे प्रारंभीचे राज्यपाल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया या दक्षिणेकडील राज्यात १७७६ ते १७८९ या काळात अधिकारावर आलेल्या कार्यकारी प्रमुखांची परंपरा. राजसत्तेच्या अनुभवातून आलेली एकाधिकाराची भीती आणि युद्धकाळात भासणारी खंबीर नेतृत्वाची गरज यांतील संघर्ष या परंपरेत स्पष्टपणे दिसून येतो.

मूळ तेरा वसाहतींपैकी जॉर्जिया ही सर्वांत शेवटी, १७३३ मध्ये, स्थापन झाली. १७५४ पासून तेथे ब्रिटिश राजाने नेमलेले राज्यपाल कारभार पाहत. त्यांपैकी तिसरा व अखेरचा जेम्स राइट १७६० मध्ये अधिकारावर आला. जानेवारी १७७६ मध्ये क्रांतिवाद्यांनी त्याला स्थानबद्ध केले. पुढच्याच महिन्यात तो निसटून ब्रिटिश युद्धनौकेवर गेला. त्यानंतर हंगामी शासनाचे अध्यक्षपद आर्चिबॉल्ड बुलक याच्याकडे होते. फेब्रुवारी १७७७ मध्ये त्याचे अकस्मात निधन झाले आणि बटन ग्विनेट अध्यक्ष झाला.

याच सुमारास राज्याचे पहिले संविधान तयार झाले. त्यानुसार राज्यपालाची निवड एकगृही विधिमंडळ करी. त्याची मुदत एक वर्षाची असून तीन वर्षांत एका वर्षापेक्षा अधिक काळ त्याला हे पद धारण करता येत नसे. कार्यकारी मंडळाच्या सल्ल्याने त्याला वागावे लागे व नकाराधिकार त्याला नव्हता. विधिमंडळासाठी मतदानाचा हक्कही केवळ करपात्र मालमत्ता असलेल्या किंवा कारागिरी करणाऱ्या गोऱ्या पुरुषांपुरता मर्यादित होता. कृष्णवर्णीय गुलामांना त्यात स्थान नव्हते. या संविधानानुसार मे १७७७ मध्ये जॉन ट्रूट्लेन हा पहिला राज्यपाल निवडला गेला.

लष्करावर हुकमत कोणाची, हा प्रश्न मात्र सुटला नाही. पूर्व फ्लॉरिडावरील फसलेल्या मोहिमेवरून ग्विनेट व सेनापती लॅक्लन मॅकिंटॉश यांच्यात वितुष्ट आले. १६ मे १७७७ रोजी दोघांत द्वंद्वयुद्ध झाले आणि जखमी ग्विनेट तीन दिवसांनी मरण पावला. ट्रूट्लेननंतरचा राज्यपाल जॉन ह्यूस्टन याने १७७८ च्या तशाच मोहिमेत राज्याचे नागरी सैन्य सेनापती रॉबर्ट हाउ याच्या हुकमतीखाली देण्याचे नाकारले; तीही मोहीम निष्फळ ठरली.

२९ डिसेंबर १७७८ रोजी राजधानी सव्हॅना ब्रिटिशांच्या हाती पडली. जुलै १७७९ मध्ये राइट परतला आणि तेरा राज्यांपैकी केवळ जॉर्जियातच राजनियुक्त मुलकी शासन पुन्हा प्रस्थापित झाले. क्रांतिवाद्यांतही फूट पडली. ऑगस्टा येथे जॉन वीरट याच्या नेतृत्वाखाली एक कार्यकारी मंडळ असतानाच नोव्हेंबर १७७९ मध्ये विरोधी गटाने जॉर्ज वॉल्टन याला राज्यपाल निवडले. अशा रीतीने एकाच राज्यावर तीन शासने अधिकार सांगू लागली. जानेवारी १७८० मध्ये रिचर्ड हाउली याची निवड होऊन क्रांतिवाद्यांतील दुही काहीशी मिटली. परंतु त्याच वर्षी ऑगस्टाही गेले. मग स्टीव्हन हर्ड याने विल्क्स परगण्यातील एका गढीतून शासनाचे अस्तित्व टिकविले. ऑगस्टा परत मिळाल्यावर ऑगस्ट १७८१ मध्ये नेथन ब्राउन्सन व १७८२ मध्ये जॉन मार्टिन हे राज्यपाल झाले. मार्टिनच्या कारकीर्दीत, जुलै १७८२ मध्ये, ब्रिटिशांनी सव्हॅना सोडले.

शांततेच्या काळात लायमन हॉल (१७८३), ह्यूस्टन (१७८४), सॅम्युएल एल्बर्ट (१७८५), एडवर्ड टेल्फेअर (१७८६), जॉर्ज मॅथ्यूज (१७८७), जॉर्ज हँडली (१७८८) व वॉल्टन (१७८९) असा क्रम नियमितपणे चालला. ग्विनेट, हॉल व वॉल्टन हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर जॉर्जियाच्या वतीने सह्या करणारे तिघेही या पदापर्यंत पोहोचले. हॉलने उच्च शिक्षणाचा पुरस्कार केला. त्याची मुदत संपल्यानंतर, १७८५ मध्ये, विधिमंडळाने राज्य विद्यापीठास सनद दिली. व्यक्ती बदलल्या, तरी धोरणाचे सातत्य विधिमंडळाने राखले.

१७८९ च्या संविधानाने विधिमंडळ द्विगृही केले, कार्यकारी मंडळ रद्द केले आणि राज्यपालास दोन वर्षांची मुदत व नकाराधिकार दिला. या संविधानाखालील पहिला राज्यपाल टेल्फेअर झाला. मतदारांनी राज्यपाल प्रत्यक्ष निवडण्याची पद्धत मात्र १८२५ मध्ये सुरू झाली. दुर्बल कार्यकारी प्रमुख युद्धकाळात राज्याचे पुरेसे रक्षण करू शकत नाही, हा धडा १७८९ च्या तरतुदींत दिसतो; तथापि राजधानी गमावूनही निवडणुकीने अधिकार सोपविण्याची प्रथा टिकली, हे या परंपरेचे महत्त्व होय.